सोललेली साल, रिकामी ढोली आणि एक हरवलेला सुतारपक्षी

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या वन्यजीव खात्यात १९३२च्या सुमारास एक थट्टा रंगली होती, असे सांगतात. राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील टालुला या गावाकडून सारखे निरोप येत होते, की तिथल्या दलदलीच्या रानात ‘आयव्हरी-बिल्ड वुडपेकर’, म्हणजे हस्तिदंती चोचीचा सुतारपक्षी, अजून दिसतो. हा पक्षी तेव्हा संपल्यात जमा होता. टालुलाची मंडळी गावठी दारू जरा अधिकच कडक गाळत असावीत, असा शेरा मारून अधिकाऱ्यांनी विषय सोडून दिला. मेसन स्पेन्सर या स्थानिक वकिलाला (ते आमदारही होते) ही थट्टा झोंबली. त्यांनी एक पक्षी मारण्याचा रीतसर परवाना मिळवला, रानात गेले आणि नर पक्षी मारून पुरावा म्हणून सादर केला. थट्टा थांबली. पण देशात मोजके उरलेल्या पक्ष्यांपैकी एक, तो ‘आहे’ हे सिद्ध करण्यासाठीच खर्ची पडला!

एखादा पक्षी जिथे नसायला हवा तिथे त्याच्या खुणा सापडल्या, तर त्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेव्हापासून या सुतारपक्ष्याच्या मागे लागलेला आहे. आता तो प्रश्न अमेरिकी सरकारच्या फायलींमध्ये जाऊन पोहोचला आहे.

नकाशावरील रेषा

पक्षीविषयक पुस्तकांत प्रत्येक पक्ष्यासोबत एक चिमुकला नकाशा छापलेला असतो. त्यातील रंगवलेला भाग म्हणजे त्या पक्ष्याचे ज्ञात आढळक्षेत्र. नकाशा पाहिला, की ही सीमा निसर्गानेच आखून दिली असावी, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ती नोंदींवरून आखलेली असते. पूर्वी संग्राहकांनी गोळी घालून जमवलेली कातडी आणि अंडी म्हणजे नोंद. आज छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण म्हणजे नोंद. त्यामुळे ही रेषा जितकी पक्ष्याच्या वावराची, तितकीच माणसाच्या वावराचीही असते. जिथे कोणी शोधायला गेलेच नाही, तिथे पक्षी कागदोपत्री ‘नाही’.

हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्याचे शास्त्रीय नाव कॅम्पेफिलस प्रिन्सिपालिस. आपल्याकडच्या आमराईत दिसणारा सोनपाठी सुतार जेमतेम फूटभर लांब असतो. हा सुमारे अर्धा मीटर लांब आणि पंख पसरले तर पाऊण मीटर. अंग काळेभोर, पाठीवर मिटलेल्या पंखांचा ठळक पांढरा भाग, चोच फिकट हस्तिदंती, नराला लाल तुरा तर मादीला काळा. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लॉरिडापर्यंत, पश्चिमेला टेक्सासपर्यंत आणि मिसिसिपी नदीच्या काठाने वर ओहायो नदीच्या संगमापर्यंत, असे त्याचे आढळक्षेत्र सांगितले जाई. याखेरीज तो क्यूबा बेटावरही होता.

या रेषेबाहेर त्याच्या खुणा पूर्वीही सापडल्या आहेत, आणि त्यांतील दोन उदाहरणे मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. कोलोरॅडो राज्यात, म्हणजे या पक्ष्याच्या रानापासून शेकडो मैल दूर, मूळ रहिवाशांच्या एका दफनात त्याची चोच सापडली. त्याविषयी १९३९ साली लिहिले गेले. याउलट ओहायो राज्यात, सायोटो काउंटीमधील एका जुन्या वसाहतीच्या उत्खननात त्याच्या पायाचे हाड मिळाले. अलेक्झांडर वेटमोर या पक्षिशास्त्रज्ञाने त्यावर १९४३ साली टिपण प्रसिद्ध केले.

दोन्ही खुणा आढळक्षेत्राबाहेरच्याच. पण त्यांचे मोल सारखे नाही. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्ग-चित्रकाराने १७३१ साली सुरू केलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की उत्तरेकडील टोळ्या या पक्ष्याच्या चोची दक्षिणेकडून विकत घेत, त्यांचे मुकुट करून मिरवत आणि एका चोचीसाठी हरणाची दोन-तीन कातडी मोजत. म्हणजे कोलोरॅडोतील चोच व्यापारातून हिंडत तिथे पोहोचलेली असू शकते. पायाच्या हाडाला मात्र कोण कातडी मोजणार? ते हाड तिथे सापडले याचा अधिक सरळ अर्थ असा, की पक्षी जवळपासच्या रानात मारला आणि तिथेच खाल्ला गेला. वेटमोर यांनी ओहायोतील जुन्या वास्तव्याचा पुरावा म्हणून या हाडाकडे पाहिले. खूण कोणती आहे यापेक्षा ती तिथे आणखी कोणत्या मार्गाने येऊ शकली असती, हे आधी विचारायचे असते.

साल, ढोली आणि आवाज

जिवंत पक्ष्याच्या खुणांनाही हाच नियम लागू पडतो.

या पक्ष्याच्या चोचीत किती ताकद होती, याचे वर्णन अलेक्झांडर विल्सन यांनी करून ठेवले आहे. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनजवळ १८०९ साली त्यांनी एक जखमी नर पकडला आणि खाणावळीच्या खोलीत कोंडून ते घोड्याची व्यवस्था पाहायला गेले. तासाभराने परतून पाहतात तो बिछान्यावर गिलाव्याचा खच पडलेला आणि खिडकीजवळच्या भिंतीला बाहेर पडण्याइतके भोक पडायच्या बेतात. मग त्याचा पाय मेजाला बांधला, तर त्याने ते महोगनी लाकडाचे मेज फोडून काढले. अन्नाला त्याने चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी तो मेला. विल्सन यांनी त्याचे चित्र तेवढे काढून घेतले.

या पक्ष्याबद्दल आपल्याला जे खात्रीने ठाऊक आहे, ते बहुतांशी एकाच माणसाच्या कष्टाचे फळ आहे. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी जेम्स टॅनर याने १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षे दक्षिणेतील राने पालथी घातली आणि १९४२ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. १९३९ साली साऱ्या अमेरिकेत मिळून २२ ते २४ पक्षी उरले असावेत, असा त्याचा अंदाज होता. स्वतः टॅनरला मात्र ते एकाच रानात पाहायला मिळाले: टालुलाजवळच्या, स्पेन्सर यांनी पक्षी मारलेल्या रानात.

टॅनरने नोंदलेली मुख्य खूण म्हणजे सोललेली साल. झाड मरून दोन-तीन वर्षे होतात, त्या काळात सालीखाली लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या जाड अळ्या वाढतात. साल अजून लाकडाला घट्ट धरून असते. इतर सुतारपक्षी अशा सालीला भोके पाडतात. हा पक्षी छिन्नीसारखी चोच सालीखाली घालून हातभर लांबीचे तुकडे उचकटून टाकी. बुंधा आणि फांद्या उघड्या पडत, खाली सालींचा सडा पडे. झाड आणखी जुने होऊन साल सैल पडली, की अळ्यांची ती जातही निघून जाई आणि पक्षीही. म्हणूनच त्याला नुकती मेलेली मोठी झाडे सतत लागत, आणि तशी झाडे सतत मिळतात ती फक्त विस्तीर्ण, जुन्या, माणसाने न हात लावलेल्या रानात. एका जोडीला सुमारे सहा चौरस मैल रान लागते, असा टॅनरचा हिशेब होता.

अडचण अशी, की त्याच रानांत पायलिएटेड वुडपेकर नावाचा दुसरा मोठा, काळा, लाल तुऱ्याचा सुतारपक्षी आजही मुबलक आहे. तोही साल सोलतो. फक्त बहुधा सैल झालेली. खारीही साल ओरबाडतात. शोधक चार महिन्यांनी तिथे पोहोचतो तेव्हा त्याला फक्त उघडे लाकूड दिसते. साल निघाली त्या दिवशी ती घट्ट होती की सैल, हे ते लाकूड सांगत नाही.

ढोलीचेही तेच. हस्तिदंती चोचीच्या पक्ष्याच्या ढोलीचे तोंड चार इंचांहून थोडे मोठे, ओबडधोबड लंबगोल; पायलिएटेडचे साडेतीन इंचांच्या आसपास. पण ढोली एकदा रिकामी झाली, की तिला भाडेकरू मिळतात. खारी कडा कुरतडतात, पाणी मुरून लाकूड कुजते आणि साडेतीनाचे साडेचार इंच व्हायला फार काळ लागत नाही.

उरला आवाज. या पक्ष्याची हाक पत्र्याच्या खेळण्यातल्या पिपाणीसारखी, नाकात बोलल्यागत ‘केंट, केंट’ अशी. शिवाय तो झाडावर एकापाठोपाठ दोन ठोके देई; दुसरा ठोका पहिल्याच्या प्रतिध्वनीसारखा हलका. इतर सुतारपक्ष्यांची टकटक ताशावरच्या टिपरीसारखी सलग चालते, तेव्हा हा दुहेरी ठोका वेगळा ओळखू यावा. पण ब्लू जे हा पक्षी नकला करण्यात पटाईत आहे. बदके उडताना पंखांची टोके एकमेकांवर आपटूनही दुहेरी ठोक्यासारखा आवाज निघतो, असे २००७ साली दाखवून देण्यात आले. आणि सगळ्यात मोठी गैरसोय अशी, की या पक्ष्याच्या दुहेरी ठोक्याचे निर्विवाद ध्वनिमुद्रण जगात कुठेही नाही. कॉर्नेलच्या आर्थर ॲलन आणि पॉल केलॉग यांनी १९३५ साली खेचरांच्या गाडीवर यंत्रे लादून याच रानात जे आवाज टिपले, त्यांत हाका आहेत, ठोका नाही. त्यामुळे आज कोणी ठोका ऐकला, तर तो ताडून पाहायचा तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील त्याच्या भाऊबंदांच्या ठोक्यांशी.

शिवणयंत्राच्या नावाचे रान

टालुलाजवळच्या त्या रानाचे नाव ‘सिंगर ट्रॅक्ट’. आपल्या घरोघरी ज्या सिंगरच्या शिवणयंत्रावर आईने-आजीने कपडे शिवले, तीच ही कंपनी. यंत्रांच्या मेजांसाठी लाकूड हाताशी असावे म्हणून तिने १९१३ साली सुमारे ८१ हजार एकर रान विकत घेतले आणि बराच काळ ते तसेच राखले. पक्षी टिकला तो त्यामुळे. पुढे तोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीकडे गेले आणि १९३८पासून कुऱ्हाड चालू झाली. चार राज्यांच्या गव्हर्नरांनी रान वाचवण्यासाठी शब्द टाकला. कंपनीने तो मानला नाही. महायुद्धात मजूर मिळेनात, तेव्हा जर्मन युद्धकैद्यांकडून तोड करून घेतली गेली.

डॉन एकलबेरी हा चित्रकार १९४४च्या एप्रिलमध्ये तिथे पोहोचला, तेव्हा एकच मादी उरली होती. चोहोकडे तोडलेले रान, मध्ये तिचे रात्रीच्या मुक्कामाचे झाड. दोन आठवडे तो तिची रेखाचित्रे काढत राहिला. अमेरिकेतील या पक्ष्याचे सर्वमान्य असे हे अखेरचे दर्शन. क्यूबातील अखेरची मान्य नोंद १९८७ची आहे.

अर्धशतकाचा पाठलाग

त्यानंतर खुणा येतच राहिल्या. आणि त्या जिथे यायला नकोत तिथूनच येत राहिल्या. जॉन डेनिस यांनी १९६६ साली टेक्सासच्या ‘बिग थिकेट’ रानात पक्षी पाहिल्याचे सांगितले आणि १९६८ साली आवाजही टिपला. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे जॉर्ज लोवरी यांनी १९७१ साली एका परिचिताने काढलेली दोन छायाचित्रे सहकाऱ्यांपुढे ठेवली. पेंढा भरलेला पक्षी झाडाला अडकवून फोटो काढला असणार, अशी कुजबुज झाली. लोवरी हे नावाजलेले शास्त्रज्ञ, तरीही.

एप्रिल १९९९मध्ये डेव्हिड कुलिव्हन या वनशास्त्राच्या विद्यार्थ्याने लुइझियानातील पर्ल नदीच्या रानात जोडी पाहिल्याचे सांगितले. तारीख १ एप्रिल होती, हे त्याचे दुर्दैव! पण त्याने सांगितलेला तपशील इतका नेमका होता, की २००२च्या आरंभी झाइस या दुर्बीण कंपनीच्या मदतीने ३० दिवसांची शोधमोहीम निघाली. शोधकांनी दुहेरी ठोके ऐकले, सोललेल्या साली पाहिल्या. रानात ठेवलेली ध्वनिमुद्रण यंत्रे नंतर तपासली, तेव्हा ते ठोके दूरवरच्या बंदुकीचे बार निघाले. कसलेल्या कानांची अशी फसगत व्हावी, यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. उलट यंत्र सोबत होते म्हणून चूक कळली आणि ती त्यांनी उघडपणे सांगितली.

मग आर्कान्सा. जीन स्पार्लिंग हे ११ फेब्रुवारी २००४ रोजी ‘बायू डी व्ह्यू’ या संथ ओढ्यातून एकटे होडी वल्हवत जात असताना त्यांना एक मोठा सुतारपक्षी दिसला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला टिम गॅलघर आणि बॉबी हॅरिसन हे दोघे त्यांच्यासोबत गेले आणि त्यांनाही तो दिसला. २५ एप्रिल रोजी डेव्हिड लूनो यांच्या होडीत चालू ठेवलेल्या कॅमेऱ्याने चार सेकंदांचे अस्पष्ट चित्रण टिपले. वर्षभर हे सारे गुप्त ठेवून २८ एप्रिल २००५ रोजी खुद्द मंत्र्यांच्या उपस्थितीत वॉशिंग्टनमध्ये घोषणा झाली आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख आला. साठ वर्षे हरवलेला पक्षी सापडल्याची ही बातमी जगभर पहिल्या पानावर गेली. जवळच्या ब्रिंकली गावात सुतारपक्ष्याच्या तुऱ्यासारखे केस कापून मिळू लागले.

वर्ष उलटण्याच्या आत वाद पेटला. चित्रणातील पक्ष्याच्या पंखाची मागची कड पांढरी आहे, म्हणून तो हस्तिदंती चोचीचा, असे कॉर्नेलचे म्हणणे. डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी मार्च २००६मध्ये ‘सायन्स’मध्येच उत्तर दिले, की दिसतो तो पायलिएटेडच्या पंखाच्या आतल्या बाजूचा पांढरा भाग. जेरोम जॅक्सन यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे हा पक्षी शोधण्यात घालवली होती. त्यांनीच हे पक्षिशास्त्र श्रद्धेवर चालल्याची टीका केली. पुढे २००९पर्यंत हंगामामागून हंगाम शोध चालला. स्वच्छ असे एकही छायाचित्र हाती आले नाही.

दरम्यान फ्लॉरिडातील चोक्टावहॅची नदीच्या काठी ऑबर्न विद्यापीठाचे जेफ्री हिल यांच्या तुकडीने २००५-०६मध्ये १४ दर्शने आणि सुमारे ३०० संशयित हाका व ठोके यांची मुद्रणे गोळा केली. मोठ्या तोंडाच्या ढोल्या आणि सोललेल्या सालीही होत्या. जुन्या शोधमोहिमांनी या नदीकडे फारसे लक्ष दिले नव्हते. आपला पुरावा पक्षी असल्याचे ‘सुचवतो’, सिद्ध करत नाही, असे हिल यांनी शीर्षकातच म्हटले होते. या साऱ्या प्रकरणात सर्वांत सावध शब्द कोणाचा, असे विचारले तर प्रस्तुत लेखक या शीर्षकाकडे बोट दाखवील.

जिथे खुणा खऱ्या ठरल्या

खुणांमागोमाग पक्षी येतो तेव्हा काय घडते, याचे उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. तिथे शतकानुशतके सुतारपक्षीच नव्हता; क्लेअर काउंटीतील गुहांमध्ये सापडलेली जुनी हाडे तेवढी सांगत होती, की कधीकाळी तो होता. २००५नंतर ग्रेट स्पॉटेड वुडपेकर पूर्व किनाऱ्यावर अधूनमधून दिसू लागला, रानातून टकटक ऐकू येऊ लागली आणि २००९ साली विकलो काउंटीत एकापेक्षा अधिक घरटी मिळाली. जनुकीय तपासणीत हे पक्षी समुद्र ओलांडून ब्रिटनमधून आल्याचे दिसले. पहिली चाहूल आणि पिलांचे छायाचित्र यांत काही वर्षांचेच अंतर पडले. खुणा साठत जाव्यात आणि पक्षी मात्र कधीच समोर येऊ नये, असे तिथे झाले नाही. अमेरिकेतील शंकेखोरांचा नेमका हाच मुद्दा आहे. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की आयर्लंडमधील पक्षी बागेतल्या दाण्यांवर येतो. दोन शतके गोळ्या खाल्लेला, दलदलीच्या रानातला पक्षी माणसाला तसा जवळ येऊ देणार नाही.

चुकीच्या ठिकाणाची नोंद शोधाला किती भरकटवू शकते, हे मात्र आपल्याच खानदेशाने पाहिले आहे. रानपिंगळा हे घुबड १८८४नंतर कोणाला निश्चितपणे दिसले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी येथे एक पक्षी मिळवल्याचा दावा केला होता, आणि त्या चिठ्ठीवर विसंबून लोक तिथे शोध घेत राहिले. तो नमुना प्रत्यक्षात जुन्या संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी चिकटवून ठेवलेला होता. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, खोटी जागा बाद केली, खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे २०१४ साली तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात आढळला, म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या रानात. ज्ञात आढळक्षेत्राच्या बाहेर, पण छायाचित्रासह.

कागदावरचे मरण

पक्षी आहे की नाही, या वादात केवळ पक्षिनिरीक्षकांची हौस गुंतलेली नाही. आर्कान्सातील ‘ग्रँड प्रेअरी’ ही सुमारे ३२ कोटी डॉलरची सिंचन योजना जुलै २००६मध्ये एका न्यायाधीशांनी याच पक्ष्याचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून काही काळ रोखून धरली. पाण्याची वाट पाहणाऱ्या भातशेतकऱ्यांनी तेव्हा चार सेकंदांच्या त्या चित्रणाबद्दल काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते. शोधासाठी दिलेला पैसा खात्रीने जिवंत असलेल्या दुर्मीळ प्रजातींच्या वाट्याचा होता, अशीही तक्रार झाली. आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. हा पक्षी १९६७पासून संकटग्रस्त प्रजातींच्या सरकारी यादीत आहे. एकदा तो नामशेष जाहीर झाला, की कायद्याचे संरक्षण संपते. मग त्याच्या नावाखाली कोणतेही रान राखता येत नाही. पक्षी खरोखर उरला असेल, तर घोषणा हेच त्याचे मरण ठरू शकते.

अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने सप्टेंबर २०२१मध्ये २३ प्रजाती नामशेष ठरवून यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांत या सुतारपक्ष्याचे नाव होते. हरकती आल्या, सुनावणी झाली. मे २०२३मध्ये पिट्सबर्गच्या नॅशनल एव्हियरीशी संबंधित स्टीव्हन लाटा आणि सहकाऱ्यांनी लुइझियानातील सुमारे दहा वर्षांच्या शोधाचा लेख प्रसिद्ध केला. जागा नेमकी कोणती, हे त्यांनी जाहीर केले नाही. झाडांवर लावलेले कॅमेरे, ड्रोन, ध्वनिमुद्रण यंत्रे असा सगळा सरंजाम. पक्षी मात्र पुन्हा दूरचा आणि धूसर. ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेने २१ प्रजाती यादीतून अंतिमतः वगळल्या. हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्याबाबतचा निर्णय मात्र अधिक तपासणीसाठी राखून ठेवण्यात आला.

सिंगर ट्रॅक्टच्या परिसरात १९८० साली टेन्सास नदी वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. झाडे पुन्हा वाढली आहेत; मोठी होऊन मरण्याइतकी जुनी व्हायला त्यांतील बहुतेकांना अजून अवकाश आहे.

आपल्याकडे अशी खूण दिसली तर

महाराष्ट्रात सुतारपक्ष्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांतील एकीच्या मराठीच नव्हे, तर शास्त्रीय नावातही आपला प्रांत आहे: मराठा सुतार. फिरायला गेलात आणि एखाद्या जातीची खूण अनपेक्षित ठिकाणी आढळली, तर ढोलीचा किंवा सोललेल्या बुंध्याचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी, निदान पेन तरी धरावे. झाड कोणते, जिवंत की मेलेले, किती उंचीवर, साल सैल आहे की घट्ट, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे. आवाज ऐकू आला तर मोबाइलवर मुद्रित करावा आणि वेळ टिपावी. पक्ष्याला बोलावण्यासाठी मुद्रित आवाज वाजवू नये. घरटे चालू असेल तर लांब राहावे आणि जागेचा पत्ता चारचौघांत पसरवू नये. घरी आल्यावर, ही खूण आणखी कोणाची असू शकेल, याची यादी आधी करावी आणि मगच जाणकारांना दाखवावी.